काशीतील मुक्कामाची निवड

प्रवासात मुक्कामाची जागा निवडताना मनात दोन इच्छा असतात. खिडकीतून सुंदर दृश्य दिसावे, ही पहिली; स्थानक व वाहन जवळ असावे, ही दुसरी. या दोन्ही इच्छा एकाच ठिकाणी पूर्ण होतील असे नाही. काशी, म्हणजेच वाराणसी, हे याचे बोलके उदाहरण होय.

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. जुने घाट तिच्या पश्चिम तीरावर असल्याने ते पूर्वाभिमुख आहेत. मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेस, पंचगंगा घाटालगत बालाजी घाट आहे. पेशव्यांशी निगडित असलेल्या या घाटावरील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईचा रियाज केला. नागपूरकर भोसल्यांचा घाटही जवळच आहे. येथील उंच गच्चीवरून सूर्योदय, नावा, घाटांची अर्धचंद्राकार रांग आणि उत्तरेकडील मालवीय पूल असे विशाल दृश्य दिसते.

परंतु या दृश्याचे मोल केवळ पैशांत मोजता येत नाही. घाटामागील गल्ल्या अतिशय अरुंद असल्याने मोटार किंवा रिक्षा दारापर्यंत पोहोचत नाही. वाराणसी जंक्शनवरून येणाऱ्या प्रवाशाला मैदागिनसारख्या ठिकाणी उतरून पुढील वाट सामानासह पायी चालावी लागते. पावसाळ्यात गंगा चढली की खालच्या पायऱ्या बुडतात, घाटांना जोडणारी वाट बंद होते आणि नौकाविहारही थांबवावा लागतो.

म्हणून खोली ठरवण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. वाहन कोठपर्यंत येते? तेथून किती चालावे लागते? पायऱ्या किती आहेत? लिफ्ट आहे काय? नदी खोलीतून दिसते की केवळ गच्चीवरून? भाडे, कर आणि आरक्षण रद्द करण्याचे नियमही लेखी घ्यावेत.

सोबत गुडघेदुखीने त्रस्त असलेली वृद्ध आई असेल, तर रस्त्यालगतचे साधे हॉटेल अधिक सोयीचे ठरते. पहाटे वाहनाने राजघाटाजवळील नमो घाटावर जाऊन तेथून नावेने घाट पाहता येतात. धडधाकट तरुणाने मात्र घाटावरील खोली खुशाल घ्यावी. घाटांचे दर्शन तासाभराच्या नौकाविहारातही घडते; रोजच्या चढउताराचा शीण मात्र मुक्काम संपेपर्यंत सुटत नाही. प्रथम सोबतच्या माणसांची शक्ती पाहावी, मग खिडकीतील दृश्य. निवडीचा हाच योग्य क्रम होय.