वऱ्हाडातली रेल्वेची तार: पस्तीस वर्षांचा मागोवा

१८६७ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची शाखा नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या बंदराची थेट वाट मिळाली. पुढे मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी धावली. साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ टप्प्यावर विजेच्या तारा चढल्या. भुसावळ-अकोला-बडनेरा पट्ट्यावर मात्र वीज यायला १९९० च्या आसपासचा काळ उजाडला. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांकडे पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. तार निवडताना तिच्या किमतीइतकाच इथल्या उन्हाचा, इथल्या मातीचा आणि ती निकामी झाली तर काय होईल याचाही हिशेब मांडावा लागतो.

मुंबईच्या लोकलने सुरुवातीला १५०० व्होल्टची डीसी वीज घेतली होती. वऱ्हाडात आली ती २५,००० व्होल्टची एसी. तेवढीच शक्ती वाहायला इथे सुमारे सतरापट कमी प्रवाह लागतो, म्हणून तारही हलकी चालते. खालची कॉन्टॅक्ट वायर १०७ चौरस मिलिमीटर छेदाच्या कडक तांब्याची, वरची कॅटेनरी ६५ चौरस मिलिमीटरची, कॅडमियम मिसळलेल्या तांब्याची. कॅटेनरी भार पेलते, तर कॉन्टॅक्ट वायर इंजिनाच्या छतावरच्या पेंटोग्राफच्या घर्षणाने रोज झिजते. नवी असताना तिचा व्यास १२.२४ मिलिमीटर असतो. झिजून तिची जाडी ८.२५ मिलिमीटरवर आली की ती उतरवावी लागते. कॅडमियमने तांब्याला मजबुती येते आणि वहनक्षमता फारशी घटत नाही. पण कॅडमियम विषारी आहे. त्यामुळे जगभर आता कथील किंवा मॅग्नेशियम मिसळलेल्या तांब्याकडे कल वळला आहे.

या तारेची खरी परीक्षा अकोल्याचा मे महिना घेतो. पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात ताणलेले तांबे हवेपेक्षाही जास्त तापते. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत तारेच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर ७५० मीटर तार साठ सेंटिमीटरहून अधिक लांबते. ती सैल पडून लोंबू नये म्हणून तिच्या टोकाला कप्पीवरून वजने टांगलेली असतात. तार लांबली की वजने खाली येतात, आखडली की वर जातात, आणि ताण कायम राहतो. ही कप्पी गंजली किंवा अडकली, तर उत्तम तांबेही उपयोगाचे नाही. उन्हाळ्याआधी टॉवर वॅगन घेऊन फिरणारे ओएचईचे (डोक्यावरच्या तारांचे) कर्मचारी म्हणूनच तारेइतकेच या वजनांकडे लक्ष देतात.

डोक्यावरची तार तुटली की गाडी थांबते, बातमी होते, पॉवर ब्लॉक घेऊन, म्हणजे वीज बंद ठेवून, लगेच दुरुस्ती होते. जमिनीखालच्या सिग्नलच्या केबलचे तसे नसते. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते. ओढाताणीचा हा त्रास सगळ्यात आधी केबलच्या जोडाला होतो. म्हणून इथे पोलादी कवचाची केबल, पुरेशी खोली, भोवती वाळूचा थर आणि जोडाजवळ थोडी मोकळी लांबी ठेवणे या गोष्टी चैनीच्या नव्हेत, गरजेच्या आहेत. मातीत चर खणणाऱ्या यंत्राने केबल तोडू नये म्हणून वरचे खुणेचे दगड जागेवर हवेत, आणि नकाशा खरा हवा.

उन्हाचा प्रश्न इथेही सुटत नाही. आपल्याकडच्या केबलच्या तक्त्यांत वहनक्षमता साधारणपणे हवेचे तापमान ४० अंश धरून दिलेली असते. मे महिन्यात अकोल्यात हवाच त्यापलीकडे जाते, आणि उन्हात उभ्या लोखंडी पेटीत ती आणखी तापते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश आहे, एक्सएलपीई आवरणाची ९०. त्यामुळे तक्त्यातला आकडा जशाच्या तसा न घेता इथे एक पायरी जाड केबल घेणे शहाणपणाचे ठरते. डब्यांमध्ये आणखी एक निकष येतो. पीव्हीसी जळाले की गुदमरवणारा आम्लधूर निघतो. बंद डब्यात किंवा बोगद्यात माणसाला ज्वाळांआधी धूरच गाठतो. म्हणून गाड्यांमध्ये आणि भुयारी मेट्रोमध्ये कमी धुराच्या, हॅलोजनमुक्त केबलचा आग्रह धरला जातो.

केबल कितीही चांगली असो, ती चुकीच्या जागी जोडली तर तिचा दर्जा वाया जातो. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅफम जंक्शनला सैल सोडलेल्या जुन्या तारेने सिग्नल चुकवला आणि ३५ जण गेले. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार इथे तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या. चौकशीत लेव्हल क्रॉसिंगजवळच्या पेटीतली तारांची जोडणी चुकल्याचे समोर आले. दोन्ही ठिकाणी घातक ठरली ती धातूची निवड नव्हे, तर काम संपल्यावर न झालेली तपासणी.

अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि अलीकडे त्यावरही तारा आल्या. २०२२ पासून अकोटला पुन्हा गाडी जाते. तार आणि केबलचे जाळे वाढतेच आहे. पुढच्या निविदांमध्ये तांब्याच्या दराशेजारी चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: मे महिन्याचे तापमान, काळ्या मातीची जात, आग लागल्यावरचा धूर, आणि प्रत्येक जोडावर कोणी, केव्हा सही केली याची नोंद. ही नोंद ठेवायला फार पैसा लागत नाही. ती ठेवली गेली, तर वऱ्हाडच्या प्रवाशाला जमिनीखालच्या केबलवरही डोक्यावरच्या तारेइतकाच विश्वास ठेवता येईल.