यशोदेपासून मिमीपर्यंत

भाडोत्री मातृत्व, म्हणजे दुसऱ्या दांपत्याचे मूल मोबदला घेऊन आपल्या गर्भाशयात वाढवणे, या विषयाभोवती हिंदी चित्रपट 1983 च्या ‘दूसरी दुल्हन’पासून घुटमळत होता, परंतु ते चित्रपट फार काळ रेंगाळावे असे नाहीत. खरा विचार व्हायला हवा तो 2002 नंतरच्या दशकाचा, जेव्हा भारतात या व्यवहाराला मोकळीक मिळाली आणि परदेशी जोडपी स्वस्त मातृत्वासाठी इथे येऊ लागली. त्याच दशकात, 2006 साली, शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली. कर्ता पुरुष गेल्यावर सावकाराचे देणे आणि पोटची पोरे घेऊन मागे राहिलेल्या बाईपुढे कोणता मार्ग उरतो, हे इथल्या माणसाला पडद्यावरून शिकावे लागत नव्हते.

म्हणूनच समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा चित्रपट मोलाचा ठरतो. अमेरिकेची मेरी आणि अशाच कर्जापायी अडलेली गरीब यशोदा या भाषा, पैसा, राहणी अशा कशातही मेळ नसलेल्या दोन बायका एका गर्भापायी बांधल्या जातात. बाळात व्यंग असेल असे कळताच मेरी पाठ फिरवते आणि यशोदेच्या पदरी धडधाकट गोरा मुलगा येतो. बीज परक्या दांपत्याचे असल्याने वर्ण त्यांचा, पण वाढ यशोदेच्या घरची, त्यामुळे हे गोरे पोर गावचे मराठी बोलते आणि त्यातून उमटणारे हसू कुणाची टिंगल करत नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

लक्ष्मण उतेकर यांनी 2021 मध्ये त्यावरून ‘मिमी’ केला. क्रिती सनोन व पंकज त्रिपाठी यांचा अभिनय सरस आहे, त्यांना मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार रास्तच आहेत. मात्र यशोदेची गरज जाऊन तिच्या जागी मुंबईत नटी होण्याचे स्वप्न पाहणारी नर्तकी आली, विनोद वाढला आणि दारिद्र्य नेपथ्यापुरते उरले. त्याहून बोचते ते हे की, ‘मिमी’चे कौतुक करताना महाराष्ट्रानेही मूळ मराठी चित्रपटाची आठवण फारशी ठेवली नाही.

त्याच वर्षाच्या सरोगसी कायद्याने मोबदल्याचा व्यवहार बंद केला आणि जन्मजात व्यंगाच्या कारणावरूनही बाळ टाकून देण्यास मनाई केली, म्हणजे मेरीने जे केले ते आता गुन्हा ठरते. पण जिला कर्जापायी हा मार्ग धरावा लागला, त्या यशोदेच्या कर्जाविषयी या कायद्यात एकही कलम नाही.