चौदा मे

मे महिना लागला की माझं निम्मं मन तिरोड्याला जाऊन बसतं. मुलाची परीक्षा संपते, माळ्यावरच्या बॅगा खाली येतात, महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट तर कधीच काढून ठेवलेलं असतं. रात्री पुण्याला गाडीत बसायचं. दुसऱ्या दिवशी नागपूर मागे पडलं की खिडकीतून उन्हाळी धानाच्या बांध्या दिसायला लागतात आणि दिवेलागणीच्या सुमाराला तिरोडा. स्टेशनवर दादा उभा असतोच.

पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, "अगं, मे महिन्यात विदर्भात? पंचेचाळीस अंशांत?" त्यांना काय सांगणार! दुपारी खिडक्यांना ओले पडदे, कूलरसमोर ओळीनं लोळणारी पोरं, बादलीत बुडवलेले गावठी आंबे आणि रात्री गच्चीवर अंथरुणं. वीज प्रकल्पाच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकत असतात, पोरं ते मोजता मोजता झोपून जातात. धाकटी बहीण भिलाईहून येते. आम्ही दोघी, आमची तीन पोरं, दादाची दोन, आई, दादा, वहिनी. महिनाभर घरात दहा माणसं.

आणि वाढदिवस! आमच्या घरचे सगळे वाढदिवस जणू मे महिन्यातच येऊन पडलेत. ६ तारखेला माझ्या मुलाचा, १४ ला बहिणीच्या मुलीचा, २३ ला दादाच्या धाकट्याचा. दादा तर दरवर्षी विनोद करतो, की सुरुवात १ तारखेपासूनच होते, कारण महाराष्ट्राचाही वाढदिवस त्या दिवशी आणि गोंदिया जिल्ह्याचाही. (१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून निघून आमचा जिल्हा वेगळा झाला.) शेवटी १ जूनला आईचा. तो मात्र गुरुजींनी दिलेला. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. आईच्या वयाच्या कितीतरी बायका-माणसांच्या कागदावर अशीच जूनची नाहीतर जुलैची पहिली तारीख सापडेल. आईला विचारलं तर म्हणते, "मोहफुलं वेचायचे दिवस होते, एवढंच माही माय सांगे." म्हणजे मार्च-एप्रिल कधीतरी. पण आम्ही केक १ जूनला कापतो.

वाढदिवसाचं जेवण ठरलेलं. आमरस आणि सरगुंडे, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, भात, कुरडया. सरगुंडे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भिजवलेल्या पिठाची बारीक वळी काडीवर गोल गोल गुंडाळायची, अलगद काढून वाळवायची, मग शिजवून रसाबरोबर खायची. एकटीचं काम नाही ते. चार बायका गप्पा मारत बसल्या तर कुठे डबा भरतो. निदान आम्ही दोघी तरी असंच सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच डबा भरलेला असायचा. आम्ही फोटोपुरते चार वळायचो.

२०२४ च्या मे महिन्यात नागझिऱ्याला जायचं ठरलं. तिरोड्याहून चोरखमाऱ्याचं गेट जवळ, तरी दरवर्षी आमची धाव बोदलकस्याच्या तलावापर्यंतच. वहिनी डबे भरून द्यायची, आम्ही तलावाकाठी बसून खायचो आणि रिकामे डबे घेऊन परत यायचो. या वेळी जिप्सीत सहा जणांची सोय होती. आम्ही दोघी आणि मोठी तीन मुलं, दादाला सुट्टी नव्हती, म्हणून एक जागा उरली. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, तुम्ही चला." खोटं कशाला बोलू, जागा उरली नसती तर मी म्हटलंच नसतं.

बुकिंगला प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो. त्या रात्री भाचीचा केक कापून झाला होता, पोरं गच्चीवर गेली होती. मी जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसले आणि वहिनीकडून तिचं आधार कार्ड मागून घेतलं. वय काढायला जन्मतारीख पाहिली. १४ मे.

मी दोनदा पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

वहिनी स्वयंपाकघरात वड्यांचं तेल गाळून ठेवत होती. सकाळी चारला उठली होती ती, ऊन तापायच्या आत स्वयंपाक उरकायचा म्हणून. मी म्हटलं, "वहिनी, आज तुमचा वाढदिवस?"

"हो ना ताई." तिनं मान वरसुद्धा केली नाही. "सकाळी देवापुढे साखर ठेवली मी."

"अहो, पण सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? पोरीचा वाढदिवस राहते. तिच्यात माझाही होऊन जाते."

भाची तेव्हा अकरा वर्षांची झाली होती. म्हणजे अकरा वर्षं ही बाई स्वतःच्या वाढदिवसाला पहाटे चारला उठून दुसऱ्याच्या वाढदिवसाचे वडे तळत होती. त्याआधीची आठ वर्षं? तेव्हा तर बहाणाही नव्हता, तरी कुणी विचारलं नव्हतं. दादानंसुद्धा नाही. त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "मे महिन्यात आहे काहीतरी, माहीत आहे मला." काहीतरी!

मग मला आठवलं, की पूर्वी मे महिन्यात एके सकाळी सातच्या ठोक्याला तिच्या बाबांचा फोन यायचा. ती फोन घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात जायची. एकदा मीच तिला हाक मारली होती, "वहिनी, चहा उतू चाललाय!" आणि ती घाईनं फोन ठेवून आली होती. कोरोनाच्या काळात बाबा गेले. तेव्हापासून तो फोनही नाही.

तिचं माहेर ब्रह्मपुरीचं. गोंदियाला गाडी बदलली की अर्ध्या दिवसाच्या आत पोचावं एवढंच अंतर. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ती मे महिन्यात एकदाही माहेरी गेली नव्हती. नणंदा यायच्या ना! आम्ही जूनच्या मध्यावर परतलो की ती जायची, चार दिवस. तेव्हा तिच्या भावाकडे पऱ्हे टाकायची घाई. ज्याला त्याला शेताची ओढ. बहिणी येऊन गेलेल्या असायच्या. आमचं माहेरपण पिकलेल्या आंब्यांचं आणि तिचं चिखलाचं.

नागझिऱ्यात पहाटे शिरलो. रानगवे दिसले, रानकुत्र्यांची एक जोडी रस्त्यावरच बसलेली दिसली. वाघ नाही दिसला, ओल्या मातीत पंजे तेवढे दिसले. गाइड सांगत होता, की इथे वाघिणी कमी होत्या म्हणून मे २०२३ मध्ये दोन वाघिणी बाहेरून आणून सोडल्या. "कुठून आणल्या?" मुलानं विचारलं. "ब्रह्मपुरीच्या जंगलातून."

"माझ्या माहेरच्या आहेत!" वहिनी एकदम म्हणाली. सगळे हसले. थोड्या वेळानं मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात ती म्हणाली, "रमल्या असतील का हो ताई? आणून सोडलं म्हणजे रमलीच, असं धरतात लोक."

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

घरी विषय काढला तेव्हा सोपं गेलं नाही. आई म्हणाली, "पोरी आल्या की सून माहेरी जाते, असं कुठं असते?" बहीण दुखावली, तिला वाटलं मी तिच्या लेकीच्या वाढदिवसाला दोष देतेय. दादा पेपरामागे गेला. आणि गंमत म्हणजे वहिनीच म्हणत राहिली, "राहू द्या ताई, काहून वाद करता." मलाही मनातून धाकधूक होतीच. वहिनीशिवायचा मे म्हणजे माझं माहेरपण संपलं, हे कळत होतं. पहाटे चारला कोण उठणार? वड्यांचं वाटण कोण करणार? आपण आईकडे येतो असं म्हणतो, पण आई कधीची थकली. येतो ते वहिनीकडेच.

२०२५ च्या मे महिन्यात वहिनी ११ तारखेला ब्रह्मपुरीला गेली, धाकट्याला घेऊन, दहा दिवसांसाठी. जाण्याआधी फ्रिजवर यादी चिकटवून गेली. त्यात आईच्या गोळ्या, दूधवाल्याचा हिशेब, कूलरमध्ये पाणी कधी भरायचं, सगळं होतं. यादी वाचूनच मला दम लागला.

सरगुंडे आम्ही वळले, पण शिजताना निम्मे सुटले. पिठलं झालं त्याचं. वडे बाहेरून काळे, आतून कच्चे. माझा मुलगा तोंड वाकडं करून म्हणाला, "मामीचे असे नसतात." भाचीनं केक कापला आणि मग स्वतःहून दुसरा तुकडा कापून बाजूला ठेवला, "हा मामीचा." तो अर्थातच दुपारी पोरांनीच खाल्ला. दादानं आयुष्यात पहिल्यांदा रस पिळला, चांगला पिळला की!

आई तीन दिवस फुगून होती. कशाला मीठ जास्त, कशाला तिखट कमी. मी सगळं ऐकून घेतलं.

१४ तारखेला सकाळी सातला फोन करायचा म्हणून मी गजर लावून उठले. बाहेर आले तर ओसरीच्या कोपऱ्यात आई दादाचा मोबाइल कानाला लावून उभी. नंबर दादानंच लावून दिला असणार, आईला तो येत नाही. मी दाराशीच थांबले.

"लाखोळीच्या डाळीचा डबा कुठं ठेवला तू? सापडून नाही राहिला," आई विचारत होती. डबा तर काल रात्रीपासून ओट्यावरच होता. पलीकडून वहिनी बराच वेळ काहीतरी सांगत होती. आई हूं हूं करत होती. मग म्हणाली,

"बरं, ते जाऊ दे. तुझा वाढदिवस आहे ना आज. आंबे खाल्ले का?"