नकाशात सापडलेला मासा

उत्तर ध्रुवाकडच्या शोधांची कथा सांगताना हिमवादळे आणि अस्वले पुढे येतात. जीवाश्म मात्र ‘अचानक हाती लागला’ एवढ्यावर भागते. कॅनडाच्या एल्समीर बेटावर २००४ मध्ये सापडलेला टिक्टालिक हा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा या समजुतीत बसत नाही. तो खडकात सापडला त्याआधी त्याचा ठावठिकाणा तर्काने काढलेला होता. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत परवाले मासे मिळतात, तर पूर्व ग्रीनलंडच्या सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत इक्थिओस्टेगा आणि अकॅन्थोस्टेगा हे पायवाले प्राणी. मधली अवस्था हवी तर मधल्या वयाचे, उथळ गोड्या पाण्यात साचलेले आणि आज उघडे पडलेले खडक धुंडाळायला हवेत. जीवाश्म-अभ्यासक नील शुबिन आणि टेड डेश्लर यांना असा पट्टा एका पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर दिसला. त्या थरांचा अभ्यास कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अॅश्टन एम्ब्री यांनी १९७०च्या दशकातच करून ठेवला होता, तोही माशांसाठी नव्हे. हे थर साचले त्या डेव्होनियन काळात हा प्रदेश विषुववृत्ताजवळ होता, तिथे नद्या वाहत होत्या. आजच्या थंडीचा उपयोग इतकाच की झाडी नाही, त्यामुळे खडक उघडा राहतो.

यावर कोणी म्हणेल, शेवटी नशीबच फळले. फसलेल्या मोहिमांची कोण आठवण ठेवतो? पण याच मोहिमेचा पहिला डाव फसला होता. १९९९ मध्ये पश्चिमेकडच्या मेलव्हिल बेटावर हाती आले ते खोल समुद्रातले थर. चूक नेमकी कुठे झाली हे त्या थरांनीच दाखवले आणि शोध पूर्वेकडे, प्राचीन नद्यांच्या गाळाकडे वळला. नशिबावर विसंबणाऱ्याला अपयशातून दिशा मिळत नाही. ग्रीनलंडचाही दाखला आहे. १९८७ मध्ये जीवाश्म-अभ्यासक जेनी क्लॅक यांना अकॅन्थोस्टेगाच्या जागेचा माग लागला तो १९७० साली तिथे गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या टिपणवहीतून. तिथे मिळालेल्या जीवाश्मांमुळे त्या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती हे पुढे कळले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पोलंडमधल्या जाखेल्म्ये येथे सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या, चार पायांच्या प्राण्याच्या मानल्या गेलेल्या पाऊलखुणांचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्थाने पायवाले प्राणी टिक्टालिकच्याही आधीचे ठरतात, मग मधल्या काळाचा हिशेब कोसळला नाही का? काळाचा भाग डळमळला, हे मान्य करायलाच हवे. टिक्टालिकला थेट पूर्वज म्हणता येत नाही. पण अंदाज फक्त वयाचा नव्हता, वस्तीचा आणि शरीररचनेचाही होता. खवले असूनही सुटी मान आणि पराच्या आत मनगटासारखी हाडे असलेला प्राणी नदीच्या गाळातच मिळाला. इन्युइट वडीलधाऱ्यांनी दिलेल्या त्याच्या नावाचा अर्थही गोड्या पाण्यातला मोठा मासा असाच आहे.

म्हणून अशा मोहिमांच्या खर्चात हेलिकॉप्टरच्या इंधनासोबत जुने नकाशे आणि टिपणवह्या जपण्याचा खर्चही धरायला हवा. एम्ब्रींचे काम आणि त्या विद्यार्थ्याची वही रद्दीत गेली असती, तर खडक तिथेच राहिले असते, पण कुठे बघायचे हे सांगणारे कोणी उरले नसते.