मिरजेचा तंबोरा
सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या वाद्याचा जन्म मात्र शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा कडू भोपळा वाळवून त्याचा तुंबा करतात. वाद्याचा प्राण जवारीत असतो. घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासून, तार व घोडी यांमध्ये सुताचा दोरा सरकविला की एकाच तारेतून उपस्वरांचा झंकार उमटतो. हे माप पट्टीने मोजता येत नाही. ते कानानेच साधावे लागते. मानांकनाने नावास संरक्षण लाभले. परंतु भोपळा पिकविणारे शेतकरी आणि जवारी काढणारे तरुण हात यांची तजवीज निराळीच करावी लागेल. शाळेसाठी तंबोरा घेताना प्रथम जवारी ऐकावी, नक्षीकाम नंतर पाहावे.