थिअरीवाल्यांचाही एरर बार असतो

थिअरी म्हणजे नवे कण सुचवायचे, नवं बल मांडायचं, असा समज घेऊन बरेच जण पार्टिकल फिजिक्सकडे येतात. तेही असतंच. पण माहीत असलेल्या बलांचा हिशेब नीट लावणं हेच किती अवघड असतं, ते बघायचं तर म्युऑनचं प्रकरण बघा.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ, वस्तुमान साधारण २०७ पट. तो एक छोटासा चुंबकच असतो आणि या चुंबकाची ताकद सांगणारा आकडा म्हणजे 'जी'. डिरॅकच्या समीकरणातून जी बरोबर २ येतो. मोजला तर येतो २.००२३३ च्या आसपास. हा वरचा भाग कुठून आला? म्युऑनभोवती आभासी कण सतत उमटतात नि विरतात, त्यांच्यामुळे. यात प्रत्येक कणाचा वाटा असतो, अजून न सापडलेल्यांचासुद्धा! म्हणूनच मोजलेला आणि गणिताने काढलेला आकडा जुळला नाही की सगळ्यांचे कान टवकारतात.

आता हिशेब. विद्युतचुंबकीय बलाची पहिली दुरुस्ती श्विंगरने १९४८ मध्ये काढली. पुढे किनोशिता आणि सहकाऱ्यांनी पाचव्या पायरीपर्यंत मजल मारली. त्या एका पायरीत १२,६७२ फाइनमन आकृत्या आहेत. क्षीण बलाचा वाटा छोटा, बऱ्यापैकी पक्का. गुरुत्व इथे सोडूनच द्यायचं. गाडी अडते ती प्रबल बलापाशी. कमी ऊर्जेला ते इतकं जोरदार असतं की 'आधी मोठं पद, मग छोटी दुरुस्ती' ही पद्धतच चालत नाही. मग दोन वाटा उरतात: इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचा डेटा वापरायचा, नाहीतर अवकाश-काळाची जाळी करून सुपरकॉम्प्युटरवर गणित सोडवायचं. या दुसऱ्या वाटेला लॅटिस म्हणतात.

एप्रिल २०२१ मध्ये फर्मीलॅबचा निकाल आला. ब्रुकहेवनच्या जुन्या मोजमापासह धरला तर थिअरीच्या आकड्यापासून ४.२ सिग्मा दूर. पाचव्या बलाच्या बातम्या झाल्या. पण त्याच दिवशी 'नेचर'मध्ये एका गटाचं लॅटिस गणित छापून आलं, ते प्रयोगाच्या बरंच जवळ होतं. त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली. २०२३ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या नव्या टकरींचा डेटा आला आणि तो जुन्या डेटाशी जुळेना. शेवटी २०२५ मध्ये थिअरीवाल्यांनी एकत्र बसून लॅटिसचा आकडा धरला आणि फरक जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणजे प्रयोग जागचा हलला नव्हता, हलली ती थिअरी. फर्मीलॅबचं अंतिम मोजमाप अब्जात १२७ भाग इतकं अचूक आहे, तर थिअरीची अनिश्चितता त्याच्या चौपटीहून जास्त. नवं बल त्या फटीत अजूनही लपलेलं असू शकतं, पण आज तसा दावा करता येत नाही. आणि टकरींचे डेटा एकमेकांशी का जुळत नाहीत, हे तर अजून सुटलेलंच नाही. या कामात क्वांटम फील्ड थिअरीइतकंच कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स लागतं, तेव्हा एमएस्सीला असतानाच दोन्ही जमवून ठेवा.