पाठीवरचं वजन

आमच्या घरात मामीसमोर 'रेस' हा शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. 'मामा मुंबईला गेलेत' एवढंच म्हणायचं. नोव्हेंबर ते एप्रिल या दिवसांत रविवारी मुंबईला जाणं म्हणजे काय, हे अंबरनाथच्या आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मामा एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा माणूस महालक्ष्मीच्या घोड्यांकडेही त्याच नजरेनं बघायचा. शनिवारी रात्री जेवणं उरकली की दिव्याखाली रेसचं पुस्तक, लाल-निळी पेन्सिल आणि दोनशे पानी वही. आम्हा पोरांना वाटायचं, मामा ओव्हरटाइमचं काम घरी आणतात.

कॉलेजात गेल्यावर मामांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. बदलापूर लोकलच्या ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसं असायची. बदलापूरहून एक शेतकरी काका आधीच खिडकीशी बसून आलेले असत. त्यांच्या गोठ्यात शर्यतीच्या बैलांची जोडी होती. अंबरनाथला आम्ही चढायचो आणि उल्हासनगरला साईं. साईंचं कॅम्पात कापडाचं दुकान. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांपैकी एकात ते वाढलेले. बापानं गोळ्या-बिस्किटं विकून धंदा उभा केला, हे अभिमानानं सांगायचे. दादरला उतरून पश्चिम रेल्वेनं महालक्ष्मी गाठेपर्यंत तिघांची जी चर्चा चाले, ती ऐकून मला वाटायचं की ही माणसं तीन वेगळ्या शर्यतींबद्दल बोलताहेत.

मामांना डर्बीत रस नव्हता, याचं मला फार आश्चर्य वाटे. इंडियन डर्बी म्हणजे मोसमातली सगळ्यांत मानाची शर्यत. चार वर्षांचे घोडे, २४०० मीटर, त्या दिवशी टोप्या आणि साड्या बघायला निम्मी मुंबई लोटते. 'त्यात काय बघायचं?' मामा म्हणायचे. 'घोड्यांना एक वजन, घोड्यांपेक्षा घोड्यांना थोडं कमी—' आणि जीभ चावून, 'म्हणजे घोड्यांपेक्षा घोडींना थोडं कमी. बस्स. चांगला असेल तो जिंकेल. खरं डोकं लागतं ते हँडिकॅपला.'

हँडिकॅप हे प्रकरण मला समजायला दोन मोसम गेले. शर्यतीत धावणाऱ्या प्रत्येक घोड्याला क्लबचा हँडिकॅपर एक आकडा देतो, त्याला रेटिंग म्हणतात. घोडा जिंकला की आकडा वर चढतो, हरत राहिला की हळूहळू उतरतो. समजा, चौथ्या वर्गाची शर्यत आहे, रेटिंग २० ते ४६. आकड्यातल्या एका गुणाला अर्धा किलो, या हिशेबानं सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या घोड्याच्या पाठीवर तब्बल १३ किलोंचा फरक पडतो. जॉकी हलका असेल तर उरलेलं वजन खोगिराखाली शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढायचं. शिकाऊ जॉकी बसवला तर काही किलोंची सूट, म्हणून ट्रेनर कधी कधी मुद्दाम कोवळं पोरगं बसवतात. या साऱ्याचा हेतू एकच, सगळ्या घोड्यांनी विजयाच्या खांबाजवळ एका रेषेत यावं. तसं ते कधी येत नाहीत, पण हँडिकॅपरचं स्वप्न तेच असतं.

म्हणजे सगळ्यांत चांगला घोडा कोणता, हा प्रश्न इथे बादच होतो. त्याचं चांगलेपण त्याच्या पाठीवर लादलेलंच असतं. हँडिकॅपर कुठे चुकला, हे शोधायचं. मामांचा सगळा खेळ या एका चुकीच्या शोधाचा होता.

त्यासाठी त्यांच्याकडे जुन्या पंटरांचा एक ठोकताळा होता. मैलाच्या, म्हणजे साधारण १६०० मीटरच्या शर्यतीत घोड्याची एक लांबी म्हणजे अंदाजे एक किलो. अंतर कमी असेल तर लांबीमागे किलो जास्त धरायचे, अंतर वाढलं तर कमी. 'अ'नं गेल्या महिन्यात 'ब'ला सारख्या वजनावर दोन लांबींनी हरवलं. आता 'अ'वर तीन किलो जास्त आहेत. मग कागदावर 'ब' एका लांबीनं पुढे. पण 'अ' त्या दिवशी जॉकीनं शेवटी आवरून घेतला होता का? 'ब' बाहेरच्या गेटातून सुटून वळणावर लांबून फिरला होता का? ट्रेनरनं या वेळी त्याला झापडं लावलीत का? मामा प्रत्येक घोड्यापुढे असे दोन-तीन अर्ध्या किलोंचे हिशेब मांडत. लेथवर नोकरी करणाऱ्याला हे जड जाऊ नये. मला मात्र घाम फुटायचा.

साईं हे सारं ऐकून हसायचे. 'माल अच्छा है की नाही, वो बाद में. भाव काय लावलाय ते पहिलं सांगा.' त्यांचं म्हणणं असं की दहात तीनदा जिंकेल असा घोडा बुकीकडे दुपटीच्या भावात मिळत असेल तर तो महाग, आणि दहात एकदाच जिंकेल असा घोडा वीसपटीत मिळाला तर स्वस्त. दुकानदाराचं गणित. पुढे मी वाचलं की 'हँडिकॅप' हा शब्दच बाजारातून आलाय. जुन्या इंग्लंडात दोघे आपापल्या वस्तूंची अदलाबदल करत, वरची रक्कम किती द्यायची ते तिसरा पंच ठरवी, आणि सौदा मान्य की अमान्य हे दोघे टोपीत हात घालून कळवीत. टोपीतला हात, हँड-इन-कॅप. साईंना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले, की महालक्ष्मीला माझं चहा-सामोशाचं बिल त्यांनी दिलं.

आणि बदलापूरचे काका? ते पुस्तक उघडायचेच नाहीत. रेसआधी घोडे पॅडॉकात गोल फिरवतात, तिथे कठड्याला रेलून ते उभे. मागचा पाय पुढच्या पावलाच्या ठशापलीकडे पडतो का, कान कुठे वळलेत, मांड्यांच्या मध्ये घामाचा फेस आलाय का, कातडीवर उन्हाची झळाळी आहे की नुसती मालीश. 'बैल काय नि घोडा काय, पोटातलं दुखणं चालीत दिसतं,' एवढंच बोलायचे. त्यांच्या बैलांच्या शर्यती पुढे कोर्टकचेऱ्यांत अडकल्या. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, राज्यानं २०१७ मध्ये कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. मधल्या त्या वर्षांत काकांनी जोडी विकली. परवानगी आली तेव्हा त्यांचं वय झालं होतं.

तिघांपैकी कोण जास्त वेळा बरोबर ठरायचं? माझ्या आठवणीत काका. पण ते पाच रुपयांच्या वर लावायचे नाहीत.

मामांची एक इच्छा राहून गेली होती. ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनलबद्दल वाचलं होतं. महालक्ष्मीला सपाट मैदान. तिकडे सव्वाचार मैलांहून अधिक अंतर, तीस उड्या, आणि तीही हँडिकॅप. स्टीपलचेस म्हणतात ते हेच. गावच्या एका चर्चच्या कळसापासून दुसऱ्या कळसापर्यंत, वाटेतली कुंपणं-ओढे ओलांडत घोडे दौडवायचे, यावरून ते नाव पडलं. अशा शर्यतीत मामांच्या ठोकताळ्याचं काय होईल? दम किती, उडी किती सुरक्षित, पावसानं जमीन किती भिजलीय, हे सगळं वजनाच्या गणितात मिसळायचं. त्यातून नशीब. १९६७ साली तेविसाव्या कुंपणावर मोकाट घोडा आडवा आला, जवळजवळ सगळे एकमेकांवर कोसळले किंवा अडले, आणि फार मागे असलेला फॉइनाव्हॉन त्या गोंधळातून वाट काढत शंभरास एक या भावानं जिंकला. त्या कुंपणाला आज त्याचंच नाव आहे. कोणत्या वहीत हे मांडणार?

पण मामांना हवी होती ती १९७३ ची शर्यत. अखेरच्या वर्षांत ते अंथरुणाला खिळले, तेव्हा ती मी त्यांना मोबाइलवर दाखवली. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियाचा तगडा घोडा, पाठीवर बारा स्टोन, म्हणजे ७६ किलो. रेड रमवर दहा स्टोन पाच पौंड, सुमारे ६६ किलो. भाव मात्र दोघांचा सारखाच, नवास एक. क्रिस्प सुरुवातीलाच पुढे निघाला आणि कुंपणं पाण्यावरून दगड उडावा तशी ओलांडत गेला. बाकीचे इतके मागे पडले की कॅमेऱ्यात मावेनात. शेवटचं कुंपण पार झालं तरी तो भरपूर पुढे होता. मग सपाट जमिनीवर त्याचे पाय वाकडे पडू लागले. मामा उशीवरून उठून बसले. दमलेला घोडा, मागून येणारा हलका घोडा, आणि खांबाच्या अगदी जवळ रेड रमनं त्याला गाठलं. पाऊण लांबी. दोघांनीही आधीचा विक्रम मोडला होता.

मला वाटलं, मामा हळहळतील. ते बोटं मोजत होते. '२३ पौंडांचा फरक. जवळजवळ साडेचार मैल. पाऊण लांबी,' ते म्हणाले. 'अरे, याहून बरोबर वजन कोण मोजणार?' आणि थोड्या वेळानं, 'पण घोडा क्रिस्पच.' रेड रमनं पुढच्याच वर्षी स्वतः बारा स्टोन घेऊन तीच शर्यत जिंकली आणि १९७७ साली तिसऱ्यांदा, हे मी सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं.

आमच्या पट्ट्यात रेस आणि मटका एकाच तागडीत तोलतात. कल्याण मटका आपल्या कल्याणचा, असं समजणारे आजही भेटतात. तो कल्याणजी भगतांचा, मुंबईचा. दोन्हींत घरं बसली हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली मद्रास रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निवाडा दिला. मामांनी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि मामीला वाचून दाखवलं. मामी म्हणाली, 'कौशल्य आहे ना, मग पैसे कुठे जातात?'

हा प्रश्न मला मामा गेल्यानंतर पुन्हा भेटला. मामीनं ट्रंकेतून वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. जाळणार नव्हती, पण घरात नको होत्या. एकूण एकोणीस. मी त्या एका पावसाळ्यात वाचून काढल्या. प्रत्येक शर्यतीपुढे घोड्यांची वजनं, लांब्यांचा हिशेब, निवड, लावलेली रक्कम, निकाल. बेरजा करत गेलो तसं एक लक्षात आलं आणि मी पुन्हा पहिल्या वहीपासून सुरुवात केली. ज्या शर्यतींपुढे हिशेब मांडला होता, त्यांत मामा बुडाले नव्हते. फार कमावलंही नव्हतं, वर्षाकाठी थोडं इकडे-तिकडे. पण दिवसाच्या शेवटच्या दोन शर्यतींपुढे बहुतेक वेळा काहीच हिशेब नसे. नुसतं घोड्याचं नाव आणि रक्कम. ती रक्कम दुपारच्या रकमेच्या चौपट-पाचपट. सकाळपासून गेलेले पैसे भरून काढायचे, म्हणून लावलेली. मामीची बांगडी, माझ्या मामेबहिणीच्या डिप्लोमाची फी, पतपेढीचं कर्ज, सगळं त्या बिनहिशेबी ओळींमध्ये होतं. शनिवारी रात्री दिव्याखाली बसणारा माणूस आणि रविवारी संध्याकाळी खिडकीपुढे रांगेत उभा राहणारा माणूस, यांची अक्षरंसुद्धा वेगळी होती.

मी हे मामीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. 'मला वह्या बघायची गरज नव्हती,' ती म्हणाली. 'हे उजेड असताना परतले की मी चहा टाकायची. रात्री नऊच्या पुढे आले की पाट मांडायची, विचारायची नाही.'

साईंनी रेस केव्हाच सोडली. जीएसटी आल्यापासून लावलेल्या पैशांवर २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून तर ४०. 'इस भाव में कौन सा माल सस्ता?' असं ते म्हणतात. महालक्ष्मीची बरीच जमीन २०२४ च्या निर्णयानुसार उद्यानासाठी गेली, धावपट्टी राहिली. बदलापूर लोकलच्या त्या डब्यात आता उभं राहायलाही जागा नसते.

एकोणिसावी वही आजारपणातली. रेसला जाणं बंद झालं होतं, तरी मामा पेपरातून वजनं उतरवून घेत. रकमेचा रकाना पहिल्यापासून कोरा. हिशेब मात्र सहाव्या आणि सातव्या शर्यतीपर्यंत, शेवटच्या घोड्यापर्यंत पुरा. अखेरच्या पानावर एप्रिलमधला एक रविवार आहे, सात शर्यती, सात निवडी, अक्षर थरथरतंय. निकाल लिहायचे राहिले होते. मी जुने पेपर शोधून ते भरले. सातांपैकी दोन बरोबर होते. एक सातव्या शर्यतीतला.